मॅडम पंधरा दिवसांनी येतात, मधल्या दिवसांचं काय?

आमच्या तिसरीच्या वर्गात विशेष शिक्षिका पहिल्यांदा आल्या, तेव्हा ज्या मुलासाठी त्यांना बोलावलं होतं त्याच्याकडे त्या गेल्याच नाहीत. मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसल्या आणि अर्धा तास माझ्याकडे बघत राहिल्या. मी फळ्यावर लिहीत होते, लिहिता लिहिता बोलत होते, मध्येच मान वळवून प्रश्न विचारत होते. तो मुलगा दाराजवळ बसून हातपंपावर कोण आलं ते बघत होता. चार महिने मी त्याच्याबद्दल एकच सांगत आले होते, ‘लक्ष देत नाही, हट्टी आहे.’ त्याची आई म्हणायची, "मॅडम, दोन फटके द्या, पण लेकराला शिकवा."

तास संपल्यावर त्यांनी पिशवीतून तुरीची डाळ भरलेली पत्र्याची डबी काढली. मुलाच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बेतानं उभ्या राहून उजव्या कानाशी हळूच वाजवली. तो लगेच वळला. मग डाव्या कानाशी वाजवली. तो शांत. जरा जोरात वाजवली, तरी शांत. दाराशी तो ज्या बाजूनं बसायचा, त्यात त्याचा चांगला कान हातपंपाकडे असायचा आणि ऐकू न येणारा कान माझ्याकडे.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते वहीच्या पाऊण पानात मावलं. मुलाला पुढच्या रांगेत, वर्गाच्या डाव्या अंगाला बसवा, म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहील. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, थांबा, वळा, मग बोला. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, कारण मागून उजेड आला की तोंड काळोखात जातं आणि ओठ दिसत नाहीत. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला प्रत्येक मूल ‘हो’ म्हणतं. ‘आता काय करायचंय ते सांग’ असं विचारा. डावा कान वाहतो का ते आईला विचारा, वाहत असेल तर कानात तेल घालणं आजपासून बंद, आणि याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवा. एवढं सांगून त्या पुढच्या शाळेला निघाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा येणार होत्या.

हा लेख त्या पंधरा दिवसांबद्दल आहे. विशेष शिक्षकाचं काम म्हणजे अडचण असलेल्या मुलाला बाजूला घेऊन शिकवणं, असं पालक समजतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही तसंच समजत होतो. पण पंधरा दिवसांतून तास-दोन तास शिकवून कुठलंच मूल शिकत नाही. त्यांचं खरं काम वर्ग बदलण्याचं असतं, म्हणजे शिक्षकाची उभं राहण्याची जागा, मुलाची बसण्याची जागा, प्रश्न विचारण्याची पद्धत, घरचं वागणं. त्या नसताना जे चालू राहतं तेच त्यांचं काम.

आता ही मंडळी येतात कुठून, ते थोडक्यात सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षण नावाचा विभाग आहे. त्यातले विशेष शिक्षक आणि विशेष तज्ज्ञ तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळाशाळांवर फिरतात. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात त्यांना मोबाईल टीचर म्हणायचे, आमच्याकडची जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात. विशेष शिक्षणाची पदविका किंवा बीएड आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. कुणाचं शिक्षण श्रवणदोषात झालेलं असतं, कुणाचं दृष्टिदोषात, कुणाचं बौद्धिक अक्षमतेत. पण तालुक्यात फिरताना समोर येईल त्या प्रत्येक मुलाकडे बघावंच लागतं.

कायदा त्यांच्या पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत. 1995 च्या कायद्यात ते 7 होते. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता नव्या यादीत स्पष्टपणे आल्या, त्यामुळे पूर्वी ज्यांना आम्ही ‘ढ’ किंवा ‘विचित्र’ म्हणून मागे बसवत होतो त्यातली कितीतरी मुलं आता हक्कानं मदत मागू शकतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो शेजारच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. म्हणून ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे टाका’ असं म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत.

त्या 40 टक्क्यांवरून गावात फार मोठा गैरसमज आहे. प्रमाणपत्र मिळालं तरच शाळेत मदत मिळते, असं लोक धरून चालतात. भत्ते, सवलती, काही साधनं यांच्यासाठी प्रमाणपत्र लागतं, हे खरं. पण मुलाची जागा बदलायला, प्रश्न तोंडी विचारायला, अक्षर मोठं काढून द्यायला कुठला कागद लागतो? आमच्या त्या मुलाचा एक कान चांगला होता. एका कानानं नीट ऐकू येत असेल तर टक्केवारी सहसा 40 पर्यंत जात नाही. त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. त्याची अडचण मात्र शंभर टक्के खरी होती आणि ती मिटवायला एक रुपयाही खर्च आला नाही.

शंका कुणी घ्यायची आणि निदान कुणी करायचं, हा पुढचा प्रश्न. शंका घेणं वर्गशिक्षकाचं काम. त्यासाठी एनसीईआरटीनं, म्हणजे शालेय शिक्षणाचं संशोधन करणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, ‘प्रशस्त’ नावाची तपासणी-सूची काढली आहे, तिचं मोबाईल ॲपही आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतो. फळ्यावरचं उतरवताना मूल डोळे बारीक करतं का, हाक मारल्यावर वळतं का, पेन्सिल धरताना हात थरथरतो का, असे रोजच्या निरीक्षणातले प्रश्न त्यात असतात. शंका ठळक वाटली की दुसरा भाग विशेष शिक्षक भरतात. निदान यातलं कुणीच करत नाही, ते डॉक्टरांचं आणि तज्ज्ञांचं काम. तालुक्याला किंवा जिल्ह्याला शिबिर भरतं, तिथं तपासणी होते, साधनांसाठी मोजमाप घेतलं जातं. कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाकडून, म्हणजे ज्याला सगळे अलिम्को म्हणतात तिथून, श्रवणयंत्रं, कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणारे पट्टे, चाकाच्या खुर्च्या येतात. दिव्यांगत्वाचं ऑनलाईन कार्ड काढायला स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि मग सरकारी रुग्णालयात तपासणी. शिक्षण खातं, आरोग्य खातं आणि 3 डिसेंबर 2022 पासून राज्यात वेगळं झालेलं दिव्यांग कल्याण खातं, अशा तीन दारांतून हा प्रवास होतो. कोणत्या दारात कोणता कागद द्यायचा हे आईबापांना ठाऊक नसतं. ज्या घरात रोजगार बुडवून तालुक्याला जावं लागतं, त्या घरासाठी विशेष शिक्षकानं फोनवर सांगितलेलं ‘मंगळवारी या, आधार आणि दोन फोटो आणा’ हे वाक्य फार मोलाचं आहे. त्या एका वाक्यानं एक खेप वाचते.

डोळ्यांना न दिसणारी अडचण सगळ्यात अवघड. चौथीतल्या एका मुलीचं सांगते. आठवडी बाजारात आजीच्या पुढ्यात मिरच्यांचा ढीग, आणि ही पोरगी पाव किलो, अर्धा किलोचा हिशेब करून सुटे पैसे परत द्यायची, चूक नाही. वर्गात पाटीवर मात्र पंचवीस सांगितलं की बावन्न लिहायची, एकोणतीस सांगितलं की एकोणचाळीस. आम्ही म्हणायचो, बाजारात हुशार आणि शाळेत मठ्ठ कशी?

विशेष शिक्षिका मॅडमनी तिच्याशी अर्धा तास आकड्यांचाच खेळ मांडला. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. ‘पंचवीस’ म्हटलं की तिनं बरोबर दोन गठ्ठे आणि पाच काड्या उचलल्या. म्हणजे संख्या तिला पक्की कळत होती. अडत होतं ते ऐकलेला शब्द आकड्यात उतरवताना. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी. ‘एकोणतीस’ मध्ये ऐकू येतो तीस, लिहायचा असतो दोन. आपण मोठी माणसं ही उलटापालट कधीच पचवून बसलेलो असतो, म्हणून ती दिसत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची जोड आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला. मराठी संख्यानामं टिकायलाच हवीत, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण या पोरीला ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच’ असं दोन्ही सांगितलं की तिचा हात बरोबर पडायचा. पायरी म्हणून ते वापरलं आणि चार-पाच महिन्यांत पायरी काढून घेतली.

अक्षरांचंही तसंच. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांत ती गोंधळायची, काना-मात्रा गाळायची, रफार भलत्याच अक्षरावर द्यायची. पहिली-दुसरीत हे बऱ्याच मुलांचं होतं, त्यावरून अध्ययन अक्षमता म्हणून मोकळं व्हायचं नसतं. चौथीतही हटत नसेल, आणि मूल बाकी सगळ्यात चुणचुणीत असेल, तर मात्र थांबून बघायचं. तिच्यासाठी जो वैयक्तिक शैक्षणिक आराखडा केला तो दोन पानांचा होता. मी धसका घेतला होता, आणखी एक रजिस्टर आलं म्हणून. प्रत्यक्षात त्यात तीन महिन्यांत गाठायच्या फक्त तीन गोष्टी होत्या. ध-घ आणि भ-म वेगळे ओळखणं, दोन अंकी संख्या ऐकून लिहिणं, आणि चार ओळींचा उतारा बोट ठेवून वाचणं. प्रत्येकापुढे कोण करणार, कधी करणार, काय वापरणार ते लिहिलेलं. ध आणि घ वाळूच्या ताटात बोटानं गिरवायचे, दिवसाला दहा मिनिटं, परिपाठानंतर. फळ्यावरचं उतरवून घेण्याची सक्ती नाही, शेजारणीच्या वहीवरून उतरवलं तरी चालेल. गणिताची चाचणी निम्मी तोंडी. आराखडा चांगला की वाईट हे मी आता एकाच गोष्टीवरून ओळखते. ‘वाचन सुधारणे’ असं लिहिलेलं असेल तर तो कपाटात जाणार. ‘चार ओळी, बोट ठेवून’ असं असेल तर तो वर्गात येतो.

जी मुलं शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांच्याकडे शाळेनं जायचं असतं. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क दिला. आमच्या वस्तीवर मेंदूचा पक्षाघात असलेला एक मुलगा आहे. आई त्याला दिवसभर पाठीवर झोपवून ठेवायची, कारण बसवला की एका बाजूला कलंडायचा. मॅडम गावातल्या सुताराला घेऊन त्याच्या घरी गेल्या. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. कंबर आणि गुडघे काटकोनात राहतील, पाय पाटावर पक्के टेकतील, आणि छातीसमोर गोल खाच पाडलेली फळी येईल अशी बाभळीच्या लाकडाची खुर्ची करून घेतली. पाय लोंबकळत असले की सगळं अंग तोल सांभाळण्यात गुंततं, हाताला काही करायला उरत नाही, हे तेव्हा मला कळलं. पाय टेकले तसा त्याचा हात फळीवर आला. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून जाड केलं, म्हणजे मुठीत बसेल. पहिला घास त्यानं अर्धा सांडला, अर्धा खाल्ला. आई तोंडाला पदर लावून बसली होती. हे शिक्षण आहे का, असं मला एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. स्वतःच्या हातानं जेवणं हे शिक्षण नसेल तर मग कशाला शिक्षण म्हणायचं?

त्या खुर्चीचा एक धडा मी वर्गातही आणला. पहिलीतल्या ज्या लहानखुऱ्या मुलांचे पाय बाकावरून अधांतरी राहतात, त्यांच्या पायाखाली विटा ठेवल्या. अक्षर सुधारतं, करून बघा.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. बीडमधल्या शिरूर, पाटोदा, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून, आणि मराठवाड्याच्या इतरही पट्ट्यांतून, दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. पाडव्याच्या आसपास परततात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजीपाशी राहिलेली मुलं आहेत, पण ज्या मुलाला जास्तीची काळजी लागते त्याला आई सहसा मागे ठेवत नाही. ठेवायचं कुणापाशी? म्हणजे ज्याला सलग मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच मदत पाच महिने तुटते.

यावर पूर्ण उपाय अजून कुणाकडे नाही. पण चांगले विशेष शिक्षक निघण्याआधीच्या आठवड्यात काय करतात ते मी पाहिलं आहे. स्थलांतरित मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड जातं, त्याला ते आराखड्याचं एक पान टाचतात, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागत नाही. श्रवणयंत्र असलेल्या मुलाच्या आईला अंगणात बसवून तिच्याच हातानं सेल बदलायला लावतात, एकदा नव्हे, तीनदा. या छोट्या सेलवर एक चिकटपट्टी असते. ती काढली की हवा लागून सेल सुरू होतो आणि वापरा न वापरा, संपत जातो. म्हणून सगळ्या पट्ट्या एकदम काढायच्या नाहीत. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, पाचटाची धूळ, अंगाला घाम, रात्री दव. यंत्र रात्री काढून झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवायचं. पूर्वी एका आईनं यंत्र जपून पेटीत कुलूपबंद ठेवलं होतं. "महागाचं हाय, हरवलं तर?" म्हणाली. पाच महिने मूल यंत्राविना राहिलं. तिची चूक नव्हती, तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

या व्यवस्थेची कमतरता लपवण्यात अर्थ नाही. रजनीश कुमार पांडे खटल्यात 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्राथमिकला विशेष गरजेच्या 10 मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. प्रत्यक्षात आमच्याकडे एकेकाकडे इतकी गावं असतात, की पंधरवडा कधी महिना होतो, पावसाळ्यात दीड महिना. यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर राबले. दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे खिशातून घालून वस्तीवर येणारी माणसं मी पाहिली आहेत. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे 4,860 विशेष शिक्षक पदांना मान्यता दिली. केंद्रात दहा-पंधरा शाळा धरल्या तर भेट आठवड्यावर येऊ शकते. ती पदं खरोखर भरली जावीत आणि त्या माणसांना जनगणना, निवडणूक, ऑनलाईन माहिती भरणं असल्या कामांना जुंपलं जाऊ नये, एवढी माझी तळमळीची मागणी आहे.

तोवर शाळेनं काय करावं? मॅडम येणार त्या दिवशी मुलाला तयार करून कोपऱ्यात बसवू नका, नेहमीसारखा तास घ्या आणि त्यांना बघू द्या. मागच्या भेटीत सांगितलेलं काय जमलं, काय नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवा. न जमलेलं तर आवर्जून. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांना अर्धा तास मागून घ्या. ज्या शाळेत त्या पोचत नाहीत तिथले शिक्षक तिथं भेटतात.

आणि पालकांनी? लेकरू ऐकत नाही, बघत नाही, वयाच्या मानानं बोलत नाही असं वाटलं तर आधी वर्गशिक्षकांना सांगा, मग मुख्याध्यापकांना, आणि तिथंही हललं नाही तर पंचायत समितीच्या आवारातल्या गट साधन केंद्रात जाऊन ‘समावेशित शिक्षणाचं कोण बघतं?’ असं विचारा. नाव यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, विशेष गरजेचं मूल म्हणून नोंदलं आहे का ते बघून घ्या, नोंद नसेल तर निधीच्या हिशेबात ते मूल नसतंच. मुलगी असेल तर महिना 200 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता वर्षातले 10 महिने मिळतो. वाहतूक आणि मदतनीस भत्त्याचंही विचारा. मूल आठवीत गेलं की दहावीच्या सवलतींची कागदपत्रं जुळवायला लागा. तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, पण परीक्षेच्या तोंडावर धावपळ केली तर कागद हुकतात. शिक्का बसेल म्हणून गप्प राहू नका. शिक्का वर्गात केव्हाच बसलेला असतो, आमच्या त्या मुलावर ‘हट्टी’ असा बसला होता तसा.

तो मुलगा आता पाचवीत आहे. कान वाहायचा थांबला, ऐकू पूर्वीइतकंच येतं. नव्या वर्गशिक्षकांनी पहिल्याच दिवशी उंचीप्रमाणे बसवलं तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला डाव्या अंगाला बसवा, मला इकडून ऐकू येतं." आणि उजव्या कानावर बोट ठेवलं.